बोल्टाखालची जागा

गाडी चालू झाली तर ठाण्याला जाणार आणि नाही झाली तर भंगारात, इतकं ते सोपं होतं. सोपं म्हणजे सांगायला. आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायची ठरली, महिनाअखेरीपर्यंत सगळ्यांनी जागा रिकाम्या करायच्या होत्या, आणि आम्हाला भाड्याने मिळालेलं घर होतं कोपरला, जिथे खाली सायकल लावायचीसुद्धा सोय नाही. घरातल्या एकेका वस्तूचं काहीतरी ठरत गेलं. कपाट पुतणीकडे, पाटा-वरवंटा कोणालाच नको, देव माझ्या पिशवीत. राहिली ती कंपाउंडमधल्या शेवग्याखालची गाडी.

आमची गाडी जुनी. किती जुनी म्हणाल तर गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या मानेपाशी, आणि मागे सीट अशी की लग्नाला निघालेल्या सहा बायका शालूची घडी न मोडता बसतील. आमच्या ह्यांनी ती घेतली तेव्हाच ती दुसऱ्याने वापरलेली होती. पण त्यानंतर तिला दुसऱ्या माणसाचा हात लागला नाही. सगळी दुरुस्ती हे स्वतः करायचे, आणि मी टॉर्च धरायची. संसाराची चाळीस-एक वर्षं मी टॉर्च धरला. उजेड जरा हलला की, "अगं, तिकडे काय पाहतेस, इकडे दाखव." दिवसा काम असलं तर मला सीटवर बसवायचे आणि स्वतः बॉनेटमध्ये डोकं घालून ओरडायचे, "मार." मग मी सेल्फ मारायचा. "थांब." थांबायचं. "मार." आयुष्यात मी गाडी चालवली नाही, पण चालू मात्र हजार वेळा केली असेल.

गेल्या श्रावणात ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. म्हणजे अगदी गेलं नाही, दोन-चार शब्द राहिलेत. "हो" आहे, "नाही" आहे, आणि "तेच" आहे. चहा हवा असला तरी "तेच" आणि उशी सरकली तरी "तेच." आपण ओळखायचं. ओळखून ओळखून माणूस किती थकतो हे ज्याच्या घरी असं आजारपण आहे त्यालाच कळेल. सकाळी अंग पुसणं, मग औषधं, मग व्यायामवाली मुलगी येते ती, मग जेवण भरवणं, आणि यात मध्येच "तेच."

गाडीचं गिऱ्हाईक आमच्या मुलीने शोधलं. ती पुण्याला असते आणि फोनवर म्हणायची, "आई, देऊन टाक गं भंगारात, किती जीव काढशील." पण शोधलं तिनेच. ठाण्याचे एक निवृत्त मास्तर, त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. येऊन गाडीत बसले, काही ठोकून बघितलं नाही, नुसता स्टिअरिंगवरून हात फिरवला. मला ते तेवढ्यावरूनच बरे वाटले. वर येऊन ह्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "दादा, गाडी मी रोज काढणार. भाजी आणायला, बँकेत जायला, सगळीकडे. दाखवायला ठेवणार नाही." ह्यांनी डाव्या हाताने त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. झटक्यानंतर ह्यांच्या तोंडावर मी समाधान पाहिलं ते त्या दिवशी.

मग मास्तर माझ्याकडे वळले. "वहिनी, एकच अट आहे. गाडी स्वतःच्या पायांनी आली पाहिजे. माझ्या दारात आधीच दोन उभ्या आहेत, दोन्ही बंद. बायको म्हणाली, तिसरं मढं दोरीने ओढून आणलंत तर मी माहेरी निघून जाईन. तिचं वय सत्तर, माहेरी आता कोणी नाही. पण जाईल ती."

रविवारी अकरा वाजता येतो म्हणाले. तोपर्यंत गाडी सुरू करून ठेवायची. भंगारवाल्याला सोसायटीच्या सेक्रेटरींनी सोमवारचं सांगून ठेवलं होतं, कारण आमची एकटीच नाही, कंपाउंडमधल्या आणखी दोन मेलेल्या स्कूटरी होत्या. तो कल्याणहून गॅसकटर घेऊन येतो आणि जागच्या जागी तुकडे करतो. आमच्या गॅलरीतून शेवगा सरळ खाली दिसतो. आणि ह्यांची खुर्ची गॅलरीत.

आता गाडी का बंद होती ते सांगते. आजारपणात तिला कोणी हात लावला नव्हता. दसऱ्याला पूजा केली तेवढीच. पुढे माघात की कधीतरी मी खाली जाऊन सहज चावी फिरवली आणि सेल्फ मारला, तर टक. एवढंच. टक आणि गप्प. मी म्हटलं, बसून बसून बॅटरी गेली असेल. बसून बसून माझे गुडघे गेले, तिची बॅटरी जायला काय.

गुरुवारी मेकॅनिक आला. कळव्याचा आहे, पन्नाशीचा, तोंडाळ पण कामाला चांगला. त्याने नवी बॅटरीच आणली होती. बसवली, मी सीटवर, तो पुढे.

"मारा मावशी."

टक.

"परत."

टक.

त्याने बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवरचा पांढरा फुलोरा गरम पाण्याने धुतला, पट्ट्या खरवडल्या, आवळल्या. टक. मग म्हणाला, "सेल्फ गेला मावशी. खोलावा लागेल." आणि सेल्फ, म्हणजे इंजिनाला फिरवणारी मोटर, खोलून, फडक्यात गुंडाळून, लहान मूल न्यावं तसा काखेत मारून घेऊन गेला.

वर आले तर ह्यांच्या खुर्चीतून खर्र-खर्र आवाज. डाव्या अंगठ्याचं नख खुर्चीच्या लोखंडी हातावर घासत होते. मला वाटलं खाज येतेय. अंगठ्याला खोबरेल लावलं. "तेच," म्हणाले. मी म्हटलं, "हो, लावलं ना तेच." परत खर्र-खर्र. त्या हातावरचा रंग निघून खाली पत्रा दिसायला लागला होता. खुर्ची भाड्याची, आजारी माणसांचं सामान देतात त्या दुकानातली, परत करायची होती. शेवटी मी काय केलं, नेलकटर आणून त्यांची नखं कापून टाकली. अगदी बुडापासून. हे मी आता लिहितेय ते शांतपणे लिहितेय, पण त्याचं मला नंतर फार लागून राहिलं.

शनिवारी सकाळी मेकॅनिक सेल्फ नवा करून घेऊन आला. आत काय काय बदललं ते सांगत होता, मी हो हो करत होते. रात्री ह्यांना दोनदा उठवावं लागलं होतं, माझे डोळे मिटत होते. त्याने तो बसवला, केबल आवळली.

"मारा मावशी, आता नाही झाली तर मिशी काढतो."

टक.

"अजून एकदा."

टक. आणि परत, आणि परत. सात-आठ वेळा मारला असेल. त्याने घाम पुसला आणि बॉनेटवर कोपर टेकून उभा राहिला.

"मिशी कधी काढणार?" मी विचारलं.

"मावशी, गाडीपेक्षा तुम्ही जास्त चालू आहात." मग जरा हळू आवाजात म्हणाला, "खरं सांगू का, सोडा आता. वायरिंग आतून सडलेलं असणार. पूर्ण काढायला आठवडा जाईल. तुमच्याकडे आठवडा आहे का?"

आठवडा नव्हता, आणि अंगात बळही नव्हतं. मी सीटवर तशीच बसून राहिले. उतरायचाही कंटाळा. समोर काचेवर शेवग्याची फुलं पडलेली. मनात आलं, जाऊ दे. उद्या मास्तरांना फोन करते आणि सोमवारी ह्यांना सकाळपासून आतल्या खोलीत ठेवते, टीव्ही मोठा करते. कटरचा आवाज ऐकू येणार नाही. असा सगळा विचार करून झाला. आता हसू येतं, पण टीव्हीवर काय लावायचं तेही मी ठरवलं होतं.

उतरताना सवयीने चोक आत ढकलायला हात गेला. ही गाडी सुरू करताना एक बटण बाहेर ओढतात, त्याच्यामागे तार असते, ती पुढे इंजिनापर्यंत जाते. तो चोक. तर त्या बटणाला हात लावला आणि चटका बसला. तव्यावरून पोळी काढताना बसतो तेवढा.

"अरे, हा चोक तापलाय."

"ऊन लागलं असेल."

"सावलीत उभी आहे गाडी, ऊन कुठलं?"

त्याने लक्ष दिलं नाही, पाने-पक्कड गोळा करत होता. पण मी बसून राहिले, कारण हा चटका मला ओळखीचा होता. फार वर्षांपूर्वी आम्ही कल्याणला एका बारशाला गेलो होतो. परत निघताना गाडी अशीच टक करून थांबली, आणि दोन-चारदा मारल्यावर चोकच्या तारेतून धूर आला. मी घाबरले. हे अजिबात घाबरले नाहीत. बॉनेट उघडताना मला म्हणाले होते, "करंट बॅटरीतून निघतो, त्याला बॅटरीकडे परत यायला वाट लागते. मोठा रस्ता बंद झाला की तो बारक्या गल्लीतून घुसतो. चोकची तार ही बारकी गल्ली." मग खिशातला चाकू काढून गाडीखाली गेले, कुठेतरी काहीतरी खर्र-खर्र खरवडलं, आणि गाडी चालू. मी टॉर्च धरला होता. कुठे धरला होता?

कुठे धरला होता ते आठवलं. सांगते.

दर दसऱ्याआधी, खंडेनवमीला पूजा करायची म्हणून, हे बॉनेटखालचा सगळा पत्रा रॉकेलने पुसून त्याला चंदेरी रंगाचा हात द्यायचे. पत्रिका छापायची बाकी, इतकी तयारी. मग इंजिनाला हळदकुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. सगळं चकचकीत. फक्त एक जागा सोडून. इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याकडे तांब्याच्या तारांची एक विणलेली पट्टी जाते, चपट्या वेणीसारखी. ती जिथे बोल्टाने सांगाड्याला आवळलेली आहे, तिथे हे रंग लावायचे नाहीत. उलट असलेला खरवडायचे, घासपेपरने घासायचे, आत बोटभर उघडा पत्रा ठेवायचे. इतक्या सुंदर कामात ते टक्कल मला डोळ्यांत सलायचं. दरवर्षी म्हणायची, "अहो, एवढं केलंत तर तेवढं कशाला सोडता? देवासमोर असं अर्धवट." हे हसायचे. सांगायचे का काही? सांगितलं असेल. मी टॉर्च धरून उद्याच्या पुरणाचा विचार करत असेन.

यंदा हे अंथरुणावर, म्हणून रंग मी लावला. ह्यांना बरं वाटावं, त्यांची रीत मोडू नये. तीन दुपारी खाली बसून लावला. आणि ती पट्टीसुद्धा सोडवून, तिच्याखाली दोन हात रंग देऊन, वाळल्यावर पुन्हा नीट आवळून बसवली. इतक्या वर्षांचं टक्कल एकदाचं झाकलं. वर जाऊन ह्यांना सांगितलंही की, यंदा काही सोडलं नाही बरं का. तेव्हा हे "नाही, नाही" करत होते. मला वाटलं, माझं कौतुक पुरे म्हणतायत.

"थांब जरा," मी मेकॅनिकला म्हटलं. "तुझ्याकडे त्या दोन गाड्यांच्या बॅटऱ्या जोडतात त्या जाड वायरी आहेत ना, त्यातली एक दे."

"मावशी, बॅटरी नवी आहे. दुसरी कशाला जोडायची?"

"दुसरी नाही जोडायची. एक टोक बॅटरीच्या मायनसला लाव. दुसरं सरळ इंजिनाला."

"इंजिनाला कुठे?"

"कुठेही, उघडं लोखंड बघून. रंग नको."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या तोंडावरचा भाव बदलला. कळलं त्याला, माणूस कामातला आहे. त्याने वायर लावली, इंजिनाच्या एका बोल्टाला चिमटा घट्ट बसवला. मी सीटवर सरकले.

"मारा."

सेल्फ असा फिरला की गाडी अख्खी हलली. घर्र-घर्र-घर्र, तिसऱ्यांदा इंजिनाने पकडलं, मागून काळा धूर निघाला आणि धडधड सुरू झाली. तळमजल्यावरच्या वहिनी पोळपाट हातात घेऊनच बाहेर आल्या. मी सांगू का, मला आनंद वगैरे काही झाला नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. वरच्या गॅलरीतून आवाज आला, "हो. हो. हो."

बंद करून मेकॅनिक खाली झोपला, पट्टीचा बोल्ट सोडवला आणि तिथे बोट फिरवून बाहेर आला. बोट मला दाखवलं, चंदेरी.

"हा रंग कोणी लावला?"

"मी."

"फर्स्ट क्लास लावलाय. मी नवी बॅटरी घातली, सेल्फ भरून आणला, दोन रात्री झोपलो नाही. आणि करंटला तुम्ही दरवाजाच रंगवून बंद केलाय."

"मिशी राहू दे तुझी," मी म्हटलं.

घासपेपर मी मागितला. तो म्हणाला, "मावशी, मी करतो, तुम्ही कुठे खाली झोपणार." पण ते मलाच करायचं होतं. गाडीखाली नाही गेले, गुडघे तेवढे ऐकत नाहीत. बॉनेटमधून वाकून हात पोचत होता. घासत गेले. वरचा चंदेरी निघाला, खालचाही निघाला, आणि मग पत्र्याचा खरा रंग आला. खर्र-खर्र आवाज येत होता. दोन-तीन मिनिटं घासल्यावर तो आवाज माझ्या लक्षात आला. मी हात थांबवला आणि वर पाहिलं. हे खुर्चीतून जाळीला नाक लावून खाली बघत होते आणि त्यांचा डावा अंगठा, नख नसलेला, खुर्चीच्या हातावर मागे-पुढे होत होता. आवाज येत नव्हता आता. कुठून येणार.

तीन दिवस तो माणूस मला सांगत होता.

वर गेले तेव्हा मी त्यांच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "अहो, चुकलं माझं." ते माझ्या बोटांकडे बघत होते. चंदेरी झालेली होती, नखांच्या कडांत रंग अडकलेला. "तेच," म्हणाले. यावेळी मला बरोबर कळलं. पण कळायला फार उशीर लागतो हो माणसाला, आणि दर वेळी तेवढी ताकद कुठून आणायची.

रविवारी मास्तर अकराच्या आधीच आले. मी सीटवर बसून सेल्फ मारला. एकदाच मारावा लागला. बाहेरची वायर न लावता. मास्तरांनी कान देऊन ऐकलं, मग बायकोला फोन लावला आणि फोन बॉनेटजवळ धरला. पलीकडून काय बोलल्या ऐकू आलं नाही, पण मास्तर म्हणाले, "हो, स्वतःच्या पायांनी. कपडे बॅगेतून काढ." ह्यांना खाली आणणं शक्य नव्हतं, लिफ्ट नाही. मास्तर मात्र दोन जिने चढून वर आले, ह्यांना वाकून नमस्कार केला आणि गेले. खाडीवरच्या नव्या पुलावरून जाईन म्हणाले, शिळफाट्याच्या गर्दीत पहिल्याच दिवशी नको.

गाडी फाटकातून वळली. शेवग्याखाली तेलाचा एक काळा डाग आणि तिच्याच आकाराची कोरडी जागा राहिली. मी गॅलरीत ह्यांच्या खुर्चीपाशी उभी होते. म्हटलं आता रडतील. रडले नाहीत. अंगठा हलत होता, पण यावेळी पुढे-मागे नव्हे. गोल फिरवत होते, हळूहळू, मलम चोळावं तसं. मी तिथेच उभी राहून ओळखायचा प्रयत्न केला. पाणी? नाही. पाय दुखतोय? नाही. घासायचं राहिलं? नाही, नाही.

आणि मग आठवलं. घासून झालं की हे त्या उघड्या पत्र्यावर बोल्ट आवळायचे आणि वरून बोटाने ग्रीस फासायचे. नाहीतर पावसाळ्यात गंज धरतो, आणि गंज म्हणजे पुन्हा रंगच. मी घासलं, आवळलं, पण ग्रीस राहिलं होतं.

"ग्रीस?"

"हो," म्हणाले.

मास्तर घरी पोचले असतील असा अंदाज घेऊन चारच्या सुमारास फोन केला. ते जेवून पडले होते बहुतेक. मी म्हटलं, "इंजिनाच्या पट्टीच्या बोल्टावर ग्रीस लावायचं राहिलंय. हे सांगतायत."

"दादा सांगतायत?" मास्तरांनी विचारलं.

"हो. आणि रंग लावू नका म्हणावं तिथे. कितीही वाईट दिसलं तरी."

"आत्ताच लावतो," म्हणाले आणि खरंच उठले असावेत, कारण अर्ध्या तासाने फोन आला की लावलं. ह्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मी आत जाऊन बोटं रॉकेलने पुसली, मग साबणाने धुतली. नखांतला चंदेरी तरी काही गेला नाही. भांडी बांधायची राहिली होती, ती तशीच ठेवली आणि थोडा वेळ आडवी झाले.